न ऐकलेलं बीपी वहीत लिहिलं. पुढे शिकू की सोडू?

उशिरा_आलेली:

वय ३७. प्रॅक्टिकल नर्सिंगच्या कोर्सला लागून नऊ आठवडे झाले. त्याआधी चौदा वर्षं हिशेबाच्या वह्या सांभाळल्या.

इथे कशी आले ते थोडक्यात. बाबांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. शेवटची अडीच वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. पुसणं, भरवणं, पॅन देणं, रात्री गजर लावून कूस बदलणं. एकही बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तू नर्सच व्हायला हवी होतीस. बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी मी ते मनावर घेतलं. वर्गातल्या बाकीच्या मुली एकोणीस-वीसच्या. मला पाठीमागे ‘काकू’ म्हणतात. म्हणू देत.

आता मंगळवारचं. वॉर्डात तिसराच दिवस होता. ट्यूटरनी सांगितलं, सात नंबरच्या आजींचं बीपी घे, मशीन लावायचं नाही, हाताने घे. दंडाला कफ, म्हणजे हवेचा पट्टा, बांधला, फुगवला, हळूहळू सोडला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पुन्हा फुगवला. पुन्हा तेच. आजी म्हणाल्या, “हात दुखतोय गं.” तिसऱ्यांदा फुगवायची हिंमत झाली नाही, तेवढ्यात मागून ट्यूटरचा आवाज आला, “झालं का?” मी “झालं” म्हणाले आणि १२०/८० लिहून मोकळी झाले.

कोणी काही म्हटलं नाही. पण मी चौदा वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत असले आकडे पकडत आलेय. उधार-जमा जुळावं म्हणून कोणीतरी बसवलेला आकडा मला लांबून कळायचा. आणि आता मीच बसवला.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. खाटेवरून खुर्चीत बसवायचा सराव चालला होता. समोर वर्गातलीच एक मुलगी, तिची उजवी बाजू लुळी आहे असं धरायचं. मी बाबांना उठवायचे तसं तिच्या उजव्या काखेत हात घालून वर ओढलं. ट्यूटरनी सगळ्यांसमोर थांबवलं. “असंच ओढून ओढून खांदा निखळतो,” म्हणाल्या. बाबा शेवटचं वर्षभर म्हणायचे, खांदा फार दुखतोय. मी तेल चोळायचे.

तर प्रश्न तीन. ऐकू न येणं हे वयामुळे असेल का? ते १२०/८० आता जाऊन सांगू का, की गेला तो दिवस? आणि हे काम आपलं नव्हे, याचीच ही खूण आहे का? तिसऱ्याचं उत्तर कडू असलं तरी चालेल.

---

बावीस_वर्षं_नाईट:

अगं, आधी स्टेथो काढ आणि त्याच्या कानात घालायच्या टोकांकडे बघ. ती टोकं सरळ नसतात, जराशी वाकलेली असतात. कानात घातल्यावर त्यांचं तोंड पुढे, नाकाच्या दिशेने हवं. उलटी घातली की टोक कानाच्या भिंतीला टेकतं आणि बाहेरचं जग बंद. दर बॅचला चार-पाच मुली उलटा स्टेथो घालून “माझा स्टेथोच खराब आहे” म्हणत येतात.

दुसरं म्हणजे खालची चकती. दोन बाजूंचा स्टेथो असेल तर ती दांडीभोवती फिरते आणि एका वेळी एकच बाजू चालू असते. कानात घालून पडद्यावर बोटाने हलकेच टिचकी मार. ढबढब आलं तर बरोबर. नाही आलं तर चकती अर्धी फिरव, टक्क होईल. पेशंटजवळ जाण्याआधी ही टिचकी मारायची म्हणजे मारायचीच. मी अजून मारते.

तिसरं, ठोका कुठे आहे ते न शोधता स्टेथो ठेवला असशील. कोपराच्या आतल्या घडीत, करंगळीच्या बाजूला, आधी दोन बोटांनी नाडी चाचप. सापडली की तिथेच स्टेथो. कफच्या खाली सरकवायचा नाही, बाहीवरून लावायचा नाही, आणि अंगठ्याने दाबून धरायचा नाही. फार दाबलं तर आवाज बिघडतो. रबरी नळ्या एकमेकींवर किंवा चादरीवर घासत असतील तर नुसती खरखर ऐकू येते आणि नवख्या माणसाला तोच ठोका वाटतो.

आणि फुगवताना अंदाजाने २०० पर्यंत न्यायचं नाही. म्हणून तर आजींचा हात दुखला. एका हाताची बोटं मनगटाच्या नाडीवर ठेव आणि कफ फुगवत जा. नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेव. हवा सोड, अर्धा-एक मिनिट हाताला आराम दे. मग त्या आकड्याच्या वीस-तीस वर फुगव आणि आकडा सेकंदाला दोन-तीनने उतरेल अशा बेताने सोड. पहिला स्पष्ट ठोका तो वरचा आकडा, ठोके पूर्ण बंद झाले तो खालचा. आधी नाडी चाचपायचं आणखी एक कारण आहे. काही पेशंटना, विशेषतः ज्यांचं बीपी जास्त असतं त्यांना, पहिले ठोके ऐकू येतात, मग मध्येच गायब होतात आणि बरंच खाली परत सुरू होतात. कफ पुरेसा फुगवला नसला तर तो दुसरा टप्पाच पहिला समजून बसतो आणि १८० चं १४० लिहितो.

हे ठोके कानाने ऐकून मोजायची युक्ती १९०५ मध्ये निकोलाय कोरोतकोव्ह नावाच्या रशियन सर्जनने मांडली. त्याआधी कफ होता, पण माणसं बोटाने नाडी चाचपूनच वरचा आकडा काढत. ती जुनी रीत तू विसरू नको. अजिबात ऐकू आलं नाही तर हवा सोडताना मनगटाची नाडी जिथे परत लागते तो वरचा आकडा, आणि पुढे लिहायचं ‘पॅल्पेशनने’. खालचा आकडा मिळत नाही, तर तो लिहायचा नाही. यात कमीपणा काही नाही. एक बारीक युक्ती अजून. फुगवायच्या आधी पेशंटचा हात अर्धं मिनिट डोक्याच्या वर धरायला लाव, वरच फुगव, मग खाली आणून ऐक. ठोके मोठे येतात.

कफचं माप बघितलंस का? जाड दंडाला बारीक कफ बांधला तर आकडा खोटाच वर येतो. आतली फुग्याची पट्टी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाला वळसा घालणारी हवी.

वयाचं म्हणशील तर ३७ ला कान जात नाहीत. शंका असेल तर तपासून घे.

आता दुसरा प्रश्न. सांग. उद्याच. पण कसं सांगायचं ते आधी ऐक, आणि मी का सांगतेय तेही.

मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. पोटाचं ऑपरेशन झालेले एक काका होते, तिसरा दिवस. चार्टवर श्वासाचे आकडे बघितले तर १८, १८, १८, २०, १८. दोन दिवसांचे. त्यातले दोन १८ माझ्या अक्षरात. खरं सांगते, मी मोजले नव्हते. बघितलं, माणूस झोपलाय, छाती हलतेय, १८. वॉर्डात सगळे असंच लिहायचे. चार्टवर तापमान, नाडी, बीपी यांना यंत्र आहे नाहीतर बोट आहे. श्वासाला फक्त मिनिटभर उभं राहणं आहे, आणि तेवढं मिनिट कोणाकडे नसतं. त्या रात्री तीन वाजता एक जुन्या सिस्टर राउंडला आल्या. काकांच्या खाटेजवळ थांबल्या, मनगट धरलं, घड्याळ बघत पूर्ण मिनिट उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बत्तीस.”

छातीत न्यूमोनिया झाला होता. पहाटे आयसीयूत हलवलं. काका वाचले, पण आणखी अकरा दिवस राहिले. ते घरी निघाले तेव्हा मला हात जोडून गेले, त्याचा त्रास अजून होतो.

श्वास वाढणं ही माणूस बिघडत चालल्याची सगळ्यात आधीची खूण असते. पुष्कळदा बीपी पडायच्या कितीतरी आधी. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ नावाचा धोक्याचा तक्ता काढला, २०१७ मध्ये तो सुधारला. त्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा वर गेलं की एकदम तीन, म्हणजे एका रकान्यातले सगळ्यात जास्त. आम्ही जो आकडा मनाने लिहीत होतो तोच बरोबर शून्यात बसणारा.

मोजायची रीत सांगते, बीपीपेक्षा ही आधी पक्की कर. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं अजून नाडीच बघताहेत, म्हणून तो नेहमीसारखा श्वास घेतो. “तुमचा श्वास मोजते” म्हटलंस की संपलं, तो लगेच योग्याभ्यासाला बसतो. पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंस तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते.

तू हिशेबातली आहेस म्हणून एक गंमत. हाताच्या बीपी यंत्रावर रेघा दोन-दोनच्या अंतराने असतात. त्यामुळे हाताने घेतलेलं बीपी १२५/८५ असूच शकत नाही, १२४ नाहीतर १२६. विषम आकडा आला की एकतर मशीन, नाहीतर मन. आणि ज्या वॉर्डात सगळ्यांचंच १२०/८०, १३०/८०, १३०/९० असतं, तिथे काय चाललंय ते तुला मी सांगायला नको.

सांगताना आढेवेढे नको. “मंगळवारी सात नंबरचं बीपी मला ऐकू आलं नव्हतं, मी आकडा मनाने लिहिला.” एवढंच. घाबरले होते, आजींचा हात दुखत होता, हे त्यांनी विचारलं तर. त्या रागावतील. रागावू दे.

तिसऱ्याचं उत्तर मी देत नाही. तू तुझ्या प्रश्नातच दिलंयस, परत वाच.

---

खांदा_कोपर_मनगट:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बीपीवर ताईंनी लिहिलंय, मी फक्त खांद्याबद्दल.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू. पक्षाघातात हे स्नायू ढिले पडले की हाताचं स्वतःचं वजनच चेंडूला खाली ओढतं. त्यात काखेतून किंवा हात धरून वर उचललं की ताण आणखी वाढतो. तुमच्या ट्यूटर म्हणाल्या ते बरोबर आहे. पण पक्षाघातानंतर खांदा दुखणं फार जणांना होतं, ज्यांना कोणीच ओढलं नाही अशांनाही. स्नायू कडक होतात, सांधा आखडतो, संवेदना बिघडतात. तुमच्या बाबांचं कशामुळे दुखलं हे आता कोणी सांगू शकणार नाही. मीही नाही. ‘तुमचा काही दोष नाही’ असं लिहून तुमचं समाधान करता येईल, पण तुम्हाला ते पटणार नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

एवढं मात्र नक्की, की घरी दोन वर्षं सेवा केलेले विद्यार्थी शिकवायला सगळ्यात अवघड असतात. हात सरावलेला असतो, आणि चुकीचा सरावलेला असतो. नवख्या मुलीला एकदा दाखवलं की पुरतं, तुम्हाला आधीचं पुसावं लागेल.

पुसायला हे करा. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, खाटेला तिरकी टेकवून. खाटेचे आणि खुर्चीचे ब्रेक लावलेत ना ते पायाने दाबून बघा, डोळ्यांवर विश्वास नको. पेशंटला खाटेच्या कडेला आणा, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. लुळा हात त्याच्या मांडीवर किंवा पोटाशी, लोंबकळता नाही. तुमचे हात त्याच्या कमरेला, पट्टा असेल तर पट्ट्याला, नाहीतर पाठीमागे खवाट्यावर. तुमचा गुडघा त्याच्या लुळ्या गुडघ्यासमोर, म्हणजे तो दुमडणार नाही. मग त्याला पुढे वाकू द्या. इथेच सगळे चुकतात. माणूस उठताना आधी पुढे वाकतो, नाक पायाच्या बोटांवर येतं, मग कुल्ले उचलले जातात. आपण त्याला सरळ वर ओढायला जातो. पुढे वाकवलंत की निम्मं वजन आपोआप उठतं, तुमची पाठही वाचते.

---

कपाट_आवरलं:

सगळे धीर देताहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी हे काम चार वर्षं केलं आणि सोडलं.

कोर्समध्ये एका पेशंटला आंघोळ घालायला चाळीस मिनिटं मिळतात. वृद्धांच्या निवासात मला रात्री तीस जणांमागे एकटं ठेवायचे. दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची म्हटलं तर एकाला चारच मिनिटं येतात, त्यात चादर ओली नसेल तर. मग तुमचं ते खोटं न लिहिण्याचं काय होतं? तक्त्यावर दोन, चार, सहा वाजता सह्या आधीच झालेल्या असायच्या. मी पण केल्या.

दुसरं, आपलं शिक्षण कमी मुदतीचं, साधारण वर्ष-दोन वर्षांचं, आणि आपण काय करायचं नि काय नाही हे परवान्याने ठरतं. काही देशांत शिरेतून औषध देता येतं, काही देशांत नाही. कुठे पहिली तपासणी रजिस्टर्ड नर्सनेच करायची असते आणि आपण फक्त पुढच्या नोंदी. पण पाळीवर माणसं कमी पडली की ‘तेवढं देऊन टाक ना, तुला येतं की’ सुरू होतं. येतं हे खरं. पण काही बिघडलं तर सही आपली असते, आणि ‘तेवढं देऊन टाक’ म्हणणारा लेखी कधीच म्हणत नाही. मला एकदा रक्त चढवताना एकट्याने लक्ष ठेवायला लावलं होतं. मी नाही म्हणालो. पुढच्या महिन्यात सलग अकरा नाइट लागल्या.

शिवाय पाठ. तिशीत असताना माझी गेली.

सोडा असं म्हणत नाही. पण तुम्हाला एका १२०/८० ने झोप लागत नसेल, तर आत आल्यावर काय काय दिसेल त्याची तयारी ठेवा.

---

बावीस_वर्षं_नाईट:

@कपाट_आवरलं, सह्यांचं खरं आहे. मी नाकारत नाही. रात्री तीस जणांना एक माणूस हे मीही बघितलंय, आणि तिथे प्रामाणिक राहायचं तर तक्त्यावर ‘कूस बदलली नाही, एकटी होते’ असं लिहावं लागतं. ते लिहिलं की सकाळी बोलावणं येतं. मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा बोलणी खाल्ली. दुसऱ्यांदा महिन्याभराने रात्रीचं दुसरं माणूस आलं. लिहिल्यामुळेच आलं की कोणी वरून तपासायला येणार होतं म्हणून, माहीत नाही. सगळे तक्ते भरलेले असते तर मात्र आलंच नसतं. कागदावर तीसही जणांच्या कुशी वेळेवर बदलत होत्या ना!

रक्ताला नाही म्हणालास ते बरोबर केलंस. पण पाठीसाठी एक विचारते. खाट कमरेएवढी वर घेऊन काम करायचास की वाकून? आणि वर सरकवताना पेशंटखाली आडवी चादर टाकून दोघांनी ओढायचात की काखेत हात घालून? चिडू नको, मलाही हे दहा वर्षांनी कळलं. नुसतं ‘गुडघ्यात वाका’ म्हणून पाठ वाचत नाही, वजन घसरवायचं असतं, उचलायचं नसतं.

@उशिरा_आलेली, अडीच वर्षांत एकही बेडसोर नाही, हे तू येता-जाता लिहून गेलीस. रात्री गजर लावून उठणारी आहेस, हे मी वाचलं. आता त्यामागचं शिक. माकडहाड, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू बघायची. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर रक्त फिरतंय. लालच राहिलं तर तिथे जखमेची सुरुवात झाली, कातडी अखंड दिसली तरी. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे हाताची पाठ लावून आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, घट्ट किंवा पिचपिचीत लागतंय का ते बघायचं. कुशीवर अगदी आडवं करायचं नाही, नाहीतर सगळा भार कमरेच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन तीसेक अंश कलतं ठेवायचं, आणि पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी.

---

मागच्या_बाकावरची:

ताई, मी पण पहिल्याच वर्षाला आहे, वय १९. मला बीपी येतं पण औषधाची गणितं बघितली की पोटात गोळा येतो. सलाईनचे थेंब तर अजिबातच नाही. तुम्ही हिशेबातल्या म्हणून विचारते. सूत्र पाठ आहे, पण परीक्षेत कुठली संख्या वर नि कुठली खाली हे उलटंपालटं होतं.

---

उशिरा_आलेली:

काकू न म्हणता ताई म्हणालीस म्हणून आधी तुझं.

सूत्राला हात लावायच्या आधी उत्तर ढोबळ काय येणार ते ठरव. मी वह्या तपासताना हेच करायचे. समजा द्यायचंय ७५० मिलिग्रॅम, आणि बाटलीत १ ग्रॅम १० मिलीत विरघळवलेलं आहे. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम. आपल्याला त्यापेक्षा कमी हवंय, म्हणजे उत्तर १० मिलीपेक्षा कमी आणि अर्ध्यापेक्षा जास्त. आता सूत्र लाव. हवं ते भागिले आहे ते, गुणिले किती मिलीत आहे ते. ७५० भागिले १००० गुणिले १०, साडेसात मिली. संख्या उलट्या घातल्यास तर १३.३ येईल, आणि बाटलीत आहेतच दहा. तिथेच थांबशील. एकक बदलायचं राहिलं तर उत्तर ७५०० येतं, बादली लागेल.

थेंबांचं असं. ५०० मिली चार तासांत, सलाईनच्या नळीचा सेट २० थेंबांना एक मिलीवाला. एकूण थेंब १०,०००, एकूण मिनिटं २४०. भागलं की ४१.७, म्हणजे मिनिटाला ४२. आणि ६० थेंबांचा बारीक सेट असला तर गणितच नाही. तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, कारण तासाची मिनिटंही साठच. हे मला कळलं तेव्हा मी वर्गात मोठ्याने हसले होते.

आणि अर्धा लिहिताना ‘.५’ असं लिहू नको, टिंब पुसट झालं की पाच होतात. शून्य लिही, ०.५. उलट पाचला ‘५.०’ लिहायचं नाही, त्याचे पन्नास होतात. हिशेबात एवढ्या चुकीने फार तर ताळेबंद जुळत नाही.

---

उशिरा_आलेली:

चार दिवसांनी लिहितेय.

स्टेथो उलटाच होता. चकतीही बंद बाजूला होती. दोन्ही.

ट्यूटरना दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ताईंनी लिहून दिलेलं वाक्य जसंच्या तसं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. शांतपणे म्हणाल्या, “चार्ट आण.” चार्टवर माझ्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायला लावली, आतला आकडा वाचता येईल अशी. बाजूला ‘मोजलं नव्हतं’, तारीख, वेळ, सही. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. मग चूक नोंदवायचा फॉर्म भरायला दिला. माझ्या फाइलला लेखी ताकीद लागली आहे.

मला वाटलं होतं आजींचं बीपी पुन्हा घेईन. पण त्यांना त्याच सकाळी घरी सोडलं होतं. माझ्या आधीची नोंद १५२/८८ होती आणि माझ्यानंतरची, संध्याकाळची, मशीनवरची १४७/८३. मधलं माझं १२०/८०. ते बघून कोणी गोळी पुढे ढकलली का, हे मी विचारलं. ढकलली नव्हती. त्या वेळी त्यांचं खरं किती होतं ते मात्र आता कोणालाच कळणार नाही.

खांद्याचं वाचलं. दोनदा वाचलं. दादा, खोटं समाधान केलं नाहीत, बरं केलंत. काल सरावात पुढे वाकवून उठवलं. माझा हात दोनदा काखेकडे गेला, दोन्ही वेळा मीच मागे घेतला.

आणि ऐकू आलं. वर्गातल्याच मुलीच्या दंडावर, तीच जिला मी ओढलं होतं. मला वाटलं होतं ठोका म्हणजे छातीतल्यासारखा धडधड असेल. तसा नाही. लांब कुठेतरी कोणी दारावर एका बोटाने टकटक करतंय तसा. ११४ ला सुरू झाला, मग जरा भरदार झाला, मग कापसात गुंडाळल्यासारखा, आणि ७२ ला गेला. मी तिला तीन वेळा फुगवलं. ती म्हणाली, “काकू, हात सोडा आता.” तोंडावर म्हणाली, पहिल्यांदाच.

@कपाट_आवरलं, तुमचं लिहिणं मी वेगळं काढून ठेवलंय. आमच्या इथे परवान्यात काय बसतं त्याची यादी मागितली. वर्गात आजवर कोणी मागितली नव्हती म्हणे.

एक शेवटचं, ताई. दिवसभर उभं राहून टाचा जळतात, आणि नवे बूट दुपारनंतर चावायला लागतात. माप तर बरोबर घेतलं होतं.

---

बावीस_वर्षं_नाईट:

सकाळी घेतले असशील. संध्याकाळी पाय सुजलेले असतात. ड्यूटी संपल्यावर जा, जे मोजे रोज घालतेस तेच घालून जा, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेव. पुसता येतील असे घे, कापडी नको. का ते पहिल्याच महिन्यात कळेल.